साधारण वेग

ता. ४, रविवार

प्रिय वहिनी,

वाकून नमस्कार. तुमचं पत्र गुरुवारी मिळालं. नात झाली, मायलेकी सुखरूप आहेत, हे वाचून बरं वाटलं. तुमच्या जाऊबाई ओल्या हातानेच शेजारी सांगायला गेल्या, आणि त्या परत येईपर्यंत तीच बातमी गल्लीच्या टोकाच्या न्हाव्याकडून माझ्याकडे आली, तीही मुलगा झाला म्हणून. मी जाऊन दुरुस्त करून आलो.

बाळाचं वजन "बऱ्यापैकी" आहे असं तुम्ही लिहिता. वहिनी, बऱ्यापैकी हे काही वजन नव्हे. कुठल्या काट्यावर केलं, दुपट्यासकट केलं की दुपटं वजा करून, हे दवाखान्यातल्या बाईंना विचारून कळवा. दादा म्हणाला, "तिला छळू नकोस बारक्या, पोरगी आहे ती, पितळ नाही." पण तुमच्या उत्तराची वाट तोही बघतोय.

दादाची काळजी नको. सकाळी डबा आमच्याकडून नेतो, रात्री जेवायला आमच्याकडे येतो, झोपायला तुमच्या घरी जातो. तुमच्या मोरीतला नळ गळत होता, त्याचा वायसर मी बदलला. कुंडीतल्या झाडाला तो फार पाणी घालतो, पण त्याला सांगणारा मी कोण.

तुम्ही परत याल तेव्हा गल्ली ओळखू येणार नाही. कुलूपवाल्याने दुकान बंद केलं. आता तो कारखान्याच्या दुसऱ्या फाटकावर बसतो आणि सुटताना आमचे डबे उघडून बघतो, कोणी पितळेचा तुकडा नेत नाही ना. जन्मभर कुलपं केली, आता लोकांची झाकणं काढतोय, असं तो स्वतःच म्हणतो आणि हसतो. शिंपी फक्त कारखान्याचे गणवेश शिवतो. तीनच मापं: बारका, मधला, मोठा. त्याची टेप खुंटीला लोंबकळते. पोटं सुटलेल्यांनी काय करायचं विचारलं तर म्हणतो, मोठा घ्या आणि बाह्या दुमडा. न्हावी दुकान उघडतो भोंगा होतो तेव्हा. घराघरांत लोक ओरडून बोलतात. भांडणं नसतात, पाळीभर यंत्रांच्या आवाजात राहिल्यामुळे हळू बोलायची सवयच गेली आहे. आमच्या आळीत पूर्वी सकाळी ठोक्यांवरून कळायचं कोणाचं दुकान उघडलं. आता एकच आवाज, तोही सगळ्यांचा सारखा.

परवा रेडिओवर मंत्र्यांनी पाऊण तास आकडे वाचून दाखवले. पोलाद इतकं, पंप इतके, सिमेंट इतकं. शेवटी म्हणाले, देशाला घाई आहे. मी ते वाक्य टेबलाच्या काचेखाली लिहून ठेवलंय.

हो, टेबल. मुख्य बातमी मी मुद्दाम मागे ठेवली. मला वेळमोजणी खात्यात घेतलंय. टेबल, खुर्ची आणि एक स्टॉपवॉच मिळालं. खात्यात बाकी सगळे शाळा-कॉलेजचे कागद घेऊन आलेले; विनाकागदाचा मी एकटा. काम असं, की कामगाराच्या बाजूला उभं राहायचं, नग हातात घेतल्यापासून खाली ठेवेपर्यंतचा वेळ मोजायचा, आणि त्यावरून पाळीत किती नग व्हायला हवेत ते ठरवायचं. त्याला कोटा म्हणतात. कोटा भरला तर पूर्ण पगार, नाही तर कापलेला. पूर्वी हे सगळं मुकादमाच्या मर्जीवर होतं. ज्याने त्याला नमस्कार केला त्याचा पगार पुरा. आता मर्जी नाही, माप आहे. मला यात न्याय दिसतो, आणि तो करणाऱ्यांत मी आहे याचा अभिमान वाटतो, हे तुमच्यापासून कशाला लपवू.

गंमत अशी, की घड्याळ दिसलं की माणूस मंदावतो. कपाळ पुसतो, कानस झटकतो, नग उजेडात धरून उगाच बघतो. आम्हालाही ते ठाऊक असतं, म्हणून आम्ही वेळेला कात्री लावतो. त्यांना आमची कात्री ठाऊक असते, म्हणून ते आणखी मंदावतात. हा खेळ दोन्ही बाजूंना पाठ आहे आणि त्यातून निघणारा आकडा सगळ्यांना कसाबसा चालतो.

आपल्या दादाने मात्र हा खेळ खेळला नाही. गेल्या महिन्यात पंपाच्या खात्यात त्याच्या बाकापाशी मी उभा राहिलो. काम म्हणजे पितळी झडप तिच्या बैठकीवर कानशीने बेतून बसवायची, अशी की वरून रॉकेल ओतलं तर खाली थेंब येता कामा नये. मी घड्याळ काढलं, दादाने माझ्याकडे एकदा बघितलं आणि सुरू झाला. वहिनी, बाबांच्या तराजू बनवायच्या दुकानात दांडी घासतानाचा दादा तुम्ही पाहिला आहे. तसाच. कानस कुठे संपते आणि हात कुठे सुरू होतो कळत नव्हतं. अकरा मिनिटं. रॉकेल ओतलं, थेंब नाही. आमचे डिग्रीवाले इंजिनिअर शेजारी होते, त्यांनी दोनदा घड्याळात वाकून बघितलं आणि काहीतरी म्हणाले. मी त्यांना काय उत्तर दिलं ते भेटीत सांगेन, हसाल.

त्याच आकड्यावरून साऱ्या खात्याचा कोटा लागला. फळ्यावर माझ्या अक्षरात.

दादा हल्ली डबा एकटाच खातो. त्याला गोंगाट नको वाटतो. बाकी ठीक.

आपला,
वेळमोजणी खात्यातला भाऊजी

*

ता. २५, रविवार

प्रिय वहिनी,

नमस्कार. बाळाच्या नाकाबद्दल वाचलं. ते आमच्या बाजूचंच असणार, त्याला इलाज नाही. वजनाचं राहिलं, आठवण करतो.

शेजारणीने तुम्हाला काय काय लिहिलं आहे ते तुमच्या पत्रावरून लक्षात आलं. तुम्ही सरळ विचारलंत, तर मीही सरळ लिहितो. मात्र तिच्या पत्रात दोन चुका आहेत. दादाला कोणी मारहाण केलेली नाही. आणि त्याला वाळीत टाकलेलं नाही. लोक त्याच्याशी बोलत नाहीत, इतकंच.

कारण कोटा. अकरा मिनिटांचा हिशेब पाळीभर धरला तर तो कोणाला पुरा करता येत नाही. तरणे दोघं-तिघं भरतात आणि घरी जाऊन पालथे पडतात. चष्मेवाला फिटर, ज्याच्या हाताखाली निम्मं खातं शिकलं, त्याचा पगार दोन वेळा कापला गेला. आणि दादालाही तो भरता येत नाही. एक झडप अकरा मिनिटांत होते, दोन होतात, पण पाळीभर तो हात कोण चालवणार. त्याचा उजवा खांदा धरला आहे. तुमच्या जाऊबाई गरम पाण्याने शेकतात. तुम्हाला लिहू नका म्हणाला होता.

लोक त्याला शर्यतीचा घोडा म्हणतात. तो आत शिरला की कोणीतरी जिभेने टाप वाजवतं. मागच्या सोमवारी त्याच्या बाकावर मूठभर गवत ठेवलेलं होतं. दादाने ते व्यवस्थित गोळा केलं, रुमालात बांधलं, सुटल्यावर दूधवालीच्या शेळीला घातलं आणि मला म्हणाला, "फुकट कशाला घालवायचं." मला हसू आलं नाही. त्यालाही आलं नसावं.

यात राजकारण शिरलं आहे. पूर्वी आपल्याकडे नगरपालिका म्हणजे दोन व्यापारी आणि एक जमीनदार, कोणाच्या तरी ओसरीवर बसून ठरवायचे. आता उमेदवार पाळी बदलताना फाटकावर येतात, कारण मतं तिथे आहेत. मालकांचा माणूस उभा आहे, आणि त्याच्यासमोर युनियनचा पुढारी, ज्याला सगळे घसा म्हणतात. भोंग्यावर त्याचा आवाज चढतो म्हणून ते नाव. रोज पेटीवर उभा राहून तो एकच घोषणा देतो: "घड्याळ मालकाचं, भाऊ मालकाचा, घाम आपला." भाऊ कोण ते सांगायला नको. मी मधल्या फाटकाने जातो. भितो म्हणून नाही, ते टेबलाला जवळ पडतं.

संप होऊ नये म्हणून मोठ्या साहेबांनी मान्य केलं आहे की मोजणी पुन्हा करायची. तोच माणूस, तोच बाक, तेच घड्याळ, दोन्ही बाजूंच्या देखत. परवा आहे. वेळ वाढला तर कोटा सैल होईल. तोच आला तर कायम, आणि मग दादाने त्या खात्यात तोंड दाखवायची सोय उरणार नाही.

आज दुपारी तो अंगणातल्या नळावर हात धूत होता. मी म्हटलं, "दादा, परवा जरा हात आवरून घे."

"आवरून म्हणजे?"

"म्हणजे नेहमीसारखं. दिवसभर करतोस तसं."

"मग त्या दिवशी मी काय चोरून केलं होतं?"

"तसं नाही रे."

"तसंच आहे. तुझं माप चुकलं होतं असं मी दाखवायचं. सगळ्यांसमोर. त्या पोरगेल्या इंजिनिअरसमोर."

"माझं राहू दे."

"तुझं कसं राहू दे? तुझ्याकडे कुठल्या शाळेचा कागद आहे? बारक्याचं माप चुकत नाही, एवढाच तुझा कागद. तो मी फाडू? साबण दे."

मी साबण दिला.

मला तुम्ही एवढंच लक्षात ठेवावं असं वाटतं, वहिनी, की माझं माप चुकलेलं नाही. अकरा म्हणजे अकराच होती.

आपला,
भाऊजी

*

ता. १८, बुधवार

प्रिय वहिनी,

नमस्कार. बाळाचं वजन मिळालं, दुपटं वजा करून. दवाखान्यातल्या बाईंना माझे आभार सांगा. चांगलं वजन आहे.

दादा शुक्रवारच्या गाडीने तुमच्याकडे येतोय. नोकरी सोडून येतोय. तुम्हाला तो सांगेल की वय झालं, खांदा चालत नाही, नातीपाशी राहावंसं वाटतं. खांद्याचं खरं आहे. नातीचंही खरं आहे. पण तो येतोय ते त्यामुळे नाही. मी टेबलाशी बसून हे लिहितोय. इथे बाकीचे सगळे आकडे भरताहेत आणि मीही आकडे भरतोय असं दिसतंय.

क्रमाने सांगतो, कारण क्रम सोडला की मी स्वतःला सोडवून घेतो, हे मला या महिन्यात कळलं आहे.

पहिल्या मोजणीच्या दिवशी इंजिनिअर काय म्हणाले आणि मी काय उत्तर दिलं ते भेटीत सांगेन असं लिहिलं होतं. ते हसण्यासारखं नाही. मोजणीच्या कागदावर वेळेच्या पुढे एक रकाना असतो, कामगाराचा वेग. मंद, साधारण किंवा जलद. माणूस जलद असेल तर तसं लिहायचं, मग बाकीच्यांसाठी वेळ वाढवून धरतात. घड्याळ कोणीही धरेल, मोजणाऱ्याचं खरं कसब या रकान्यात आहे. इंजिनिअर म्हणाले, "काटासाहेब, हा माणूस फारच जलद आहे हो." कारखान्यात मला काटा म्हणतात. आणि मी म्हणालो, "आमच्या घराण्यात याला साधारण म्हणतात."

ते हसले. मी रकान्यात साधारण लिहिलं.

इतकंच घडलं, वहिनी. एका वाक्याची ऐट. दादा जीव तोडून काम करतोय, माझ्यासाठी करतोय, माझ्या घड्याळाला शोभेल असं करतोय, हे मला दिसत होतं. त्याच्या मानेची शीर मी बघत होतो. तरीही मला त्या पोरासमोर मोठं व्हायचं होतं. मागच्या पत्रात मी लिहिलं की अकरा म्हणजे अकराच होती. होतीच. मी खोटं लिहिलं नाही. खोटं शेजारच्या रकान्यात होतं आणि त्याबद्दल तुम्ही विचारलं नव्हतं.

तो रकाना मी नंतर दुरुस्त करू शकलो असतो. इंजिनिअर चांगला माणूस आहे, चुकलं म्हटलं असतं तर बदलून दिलं असतं. चष्मेवाल्याचा पगार कापला गेला तेव्हा मी कागद काढला, समोर ठेवला आणि परत फायलीत घातला. मी केलेल्या मोजणीत दुरुस्ती, हे कोणी वाचेल असं वाटलं. माझ्या वाटची कानस बाबांच्या दुकानात दादाने मारली, म्हणून शाळेचा कागद नसला तरी माझ्या वाट्याला पुस्तकं आली. त्या पुस्तकांचा मी हा उपयोग केला.

आता दुसरी मोजणी.

खातं थांबवलं होतं. पट्टे फिरत नव्हते, इतक्या शांततेत ती जागा मी कधी पाहिली नव्हती. एका बाजूला मोठे साहेब आणि इंजिनिअर, दुसऱ्या बाजूला घसा आणि त्याची माणसं, मागे सगळं खातं. घसाही त्या दिवशी हळू बोलत होता. दादा आला, कोणाकडे न बघता बाकावरच्या व्हाइसमध्ये झडप आवळली. कोणीतरी टाप वाजवली. चष्मेवाला मागे वळून म्हणाला, "पुरे रे." मग कोणी वाजवली नाही.

तीन झडपा करायच्या होत्या. मी दादाला नजरेने विनवलं. त्याने बघितलं आणि समजला, आणि नुसती नाही म्हणून मान हलवली, लहानपणी मी कडेवर घे म्हणून हट्ट करायचो तेव्हा हलवायचा तशी. मग कानस उचलली.

पहिली झडप अकराच्या आत. दुसरी अकरा. तिसरीला खांदा धरला, त्याने कानस डाव्या हातात घेऊन दोनदा चालवली, परत उजव्यात घेतली. माझ्या हातातला काटा पळत होता आणि त्याचा हात काट्याच्या पुढे होता. साडेदहा. रॉकेल ओतलं. तिन्हींच्या खाली कोरडं.

दादाने माझ्याकडे बघितलं. तुझा कागद फाडला नाही, असं ते बघणं होतं.

सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. खात्यातलं भिंतीवरचं घड्याळ साहेबांनी गेल्या वर्षीच काढून घेतलं आहे, कामगार सारखे वर बघतात म्हणून. मनगटावरची घड्याळं, वाद नको म्हणून, दोन्ही बाजूंनी बाहेर ठेवली होती. वेळ फक्त माझ्या मुठीत होता. चष्मेवाला चष्मा पुसत होता, पुसून झाला तरी पुसत होता. मी अंगठ्याने घड्याळ शून्यावर आणलं आणि म्हणालो, "सरासरी साडेतेरा."

इंजिनिअरने लिहून घेतलं. मोठ्या साहेबांनी विचारलं, नक्की? तो म्हणाला, "काटासाहेबांचा काटा आहे, सर." मग जो आवाज झाला तो यंत्रांपेक्षा मोठा होता. घशाने दादाला मिठी मारली, चार जणांनी त्याला उचललं. ज्यांनी गवत ठेवलं असेल तेही त्यात असणार. त्यांना वाटलं, दादाने त्यांच्यासाठी हात आवरला. "घोडा नाही रे, वाघ आहे वाघ," असं काहीतरी ओरडत होते.

आणि त्या सगळ्यांच्या वर, खांद्यांवर बसलेला दादा स्वतःच्या तळहातांकडे बघत होता.

घरी येताना तो म्हणाला, "बारक्या, साडेतेरा?"

मी म्हणालो, "हो."

"मला वाटलं..." म्हणाला आणि थांबला. पुढे कुलूपवाल्याच्या बंद दुकानापाशी म्हणाला, "बरं झालं, लोकांचं काम झालं."

माझ्यावर संशय घ्यावा हे त्याच्या मनातही आलं नाही, वहिनी. बारक्याचं माप चुकत नाही. चुकले असतील तर आपले हात. दुसऱ्या दिवसापासून त्याचं बिनसलं. झडप उचलतो, दोनदा कानस चालवतो, थांबतो, उजेडात धरतो. पूर्वी लोक घड्याळासाठी करायचे ते तो घड्याळाशिवाय करू लागला. मला एकदा म्हणाला, "पूर्वी हाताला कळायचं रे, किती वेळ गेला ते. आता कळत नाही. मी जीव तोडून मारतो आणि हात मागेच राहतात." आता लोक त्याच्याभोवती डबे घेऊन बसतात, चष्मेवाला आपल्या डब्यातलं त्याला वाढतो, आणि तो मान खाली घालून जेवतो. मग स्वतःहून कोठारात बदली मागितली. आठ दिवस वायसर मोजले. सोमवारी राजीनामा दिला. आपल्या कानशी तेल लावून चष्मेवाल्याला देऊन टाकल्या. "माझ्या हातात आता शोभत नाहीत," म्हणाला.

निवडणूक घसा जिंकला. भिंतीभिंतीवर लाल रंगात साडेतेरा लिहिलंय, हातभर उंचीच्या अक्षरांत. मुलं खेळताना राज्य घ्यायला साडेतेरा म्हणतात. दुसऱ्या गावच्या कारखान्यांतले लोक फाटकावर येऊन विचारतात, साडेतेरावाले तुम्हीच का. मी जिथून जाईन तिथे माझं खोटं मला वाचायला मिळतं, आणि त्याच्याखाली माणसं सुखात आहेत, हेही खरं आहे. चष्मेवाल्याचा पगार आता पुरा होतो.

म्हणून मी गप्प बसलो, असं मी स्वतःला सांगत होतो. दादाला खरं सांगितलं तर तो काय करेल ते तुम्हाला माहीत आहे. बाबांच्या दुकानात एका व्यापाऱ्याने एक पारडं जरा जड करून मागितलं होतं, तेव्हा दादाने हातोडा खाली ठेवला आणि दार उघडून उभा राहिला. खोटं माप या घरातून गेलं, तेही त्याच्या कामावर, हे त्याला कळलं तर तो तडक मोठ्या साहेबांसमोर उभा राहील. कोटा परत घट्ट होईल. साऱ्या खात्याच्या पोटावर पाय येईल, आणि माझं टेबल जाईल.

या वाक्यात टेबल शेवटी आलं आहे बघा. मनात ते पहिलं होतं. खात्याच्या पोटाआड मी इतके दिवस लपलो, आणि दादा माझ्यासमोर बसून रोज थोडा थोडा म्हातारा होत गेला. काल तो तुमच्या मोरीतला नळ उघडून बघत होता आणि म्हणाला, "वायसर चांगला बसवलास. माझ्याने झालं नसतं." दादा, वहिनी. वायसर.

मला हे त्याला गाडीत बसवताना सांगता येईल असं वाटत नाही. मी स्वतःला ओळखतो. मी पिशवी वर ठेवेन, खिडकीची काच सरकते का ते बघेन, गाडी किती मिनिटं उशिरा आहे ते सांगेन, आणि ती निघून जाईल. तुम्ही त्याला सांगा असंही मी म्हणणार नाही. आजवर माझ्या वाटचं पुष्कळ तुम्ही दोघांनी उचललं.

म्हणून असं ठरवलं आहे. रविवारी मी तिकडे येतो. त्याआधी तुम्ही त्याला काही बोलू नका. मी आलो की मला पाणी विचारू नका, बाळ दाखवू नका, सरळ त्याच्यासमोर बसवा आणि तुम्ही तिथेच थांबा, म्हणजे मी दुसऱ्या विषयावर जाणार नाही. मी त्याला सांगेन की तिसरी झडप साडेदहात झाली होती, एका धरलेल्या खांद्याने, आणि असा हात मी जन्मात पाहिला नाही. मग त्याला मोठ्या साहेबांकडे जायचं असेल तर जाऊ दे, मी बरोबर जाईन. जायचं नसेल तर तेही त्याने ठरवू दे. हात त्याचे आहेत.

आणि रविवारी दुपारपर्यंत मी दारात दिसलो नाही, तर समजा की माझी हिंमत झाली नाही. मग हे पत्र त्याला वाचून दाखवा. मोठ्याने, सावकाश, आणि मधलं काही न गाळता.

दादाचा धाकटा भाऊ